हाताची आग

बऱ्याच दिवसांनी इथे लिहायला बसले आहे आणि दोनच बोटांनी टाइप करते आहे. बाकीच्या बोटांची आग होते आहे. काल दुपारी सांदवाडीतल्या लाल मिरच्या चिरल्या, किलोपेक्षा जरा जास्तच. साबण झाला, लिंबू झालं, दही झालं, तांदळाचं पीठ चोळून झालं. रात्री झोपेत सवयीने डोळा चोळला, त्यापुढचं लिहीत नाही.

सकाळी नवरा म्हणाला, "बाटली मिळते की दुकानात." मिळते ना. आलापल्लीतही मिळते. चौकातल्या दुकानात लाल, हिरवी, काळी अशी सगळी सॉस ओळीने मांडलेली असतात आणि आमच्याकडची पोरं नूडल्सवर ती पाण्यासारखी ओततात. तरी मी दरवर्षी हा उद्योग करते आणि दरवर्षी फोनवर बहिणीला ऐकवते, "घरचं आहे हो, रंग नाही, काही नाही, अगदी शुद्ध." यंदा ते वाक्य तोंडात आलं आणि अडकलं. ते का अडकलं, त्याचंच हे लिहिणं आहे. पण त्याआधी मिरचीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही (आणि खरं सांगायचं तर मला ते सांगायला आवडतं :-)).

आमचं माहेर साताऱ्याकडचं. तिकडे खर्डा म्हणजे हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे तव्यावर भाजायचे, मीठ घालायचं आणि तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडायचं. तो टिकवायचा नसतोच. सकाळी केला की संध्याकाळी संपतो. मिरची वाटून बरणीत वर्षभर ठेवायची हा प्रकार मी लग्नानंतर, नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आल्यावर पहिल्यांदा पाहिला. बदली तीन वर्षांची म्हणून आलो होतो. तेरा वर्षं झाली.

आलापल्लीबद्दल बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट ठाऊक असते, सागवान. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाचं जंगल आहे, वनखात्याचा डेपो आहे, आरागिरणी आहे. जवळच 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणून राखून ठेवलेला जुन्या जंगलाचा सहा हेक्टरचा तुकडा आहे. २०१४ मध्ये तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. पाहुणे आले की त्यांना तिथे नेतो, ते सागाच्या बुंध्याला मिठी मारून फोटो काढतात. मिरचीचा आणि या गावाचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनात येत नाही. विदर्भाची मिरची म्हटली की लोक भिवापूरचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे.

पण हा मुलूख तेलुगूच्या शेजाराचा आहे. अहेरी ओलांडून प्राणहितेच्या पलीकडे गेलं की तेलंगण. त्यामुळे आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, माडिया, हिंदी अशा सगळ्या भाषा एकाच वेळी ऐकू येतात. मुलचेऱ्याकडून भाजी घेऊन येणारे बंगालीत बोलतात. आमच्या शेजारच्या अम्मा तेलुगू. पहिल्याच वर्षी जानेवारीच्या शेवटी त्यांनी कुंपणावरून एक वाटी दिली. लालभडक, तेल सुटलेलं, चिंचेचा आंबट वास आणि वर तळलेल्या लसणाच्या पाकळ्या. "पंडु मिरपकाय पच्चडी." पंडु म्हणजे पिकलेलं, मिरपकाय म्हणजे मिरची. गरम भातावर एक बोटभर घेतली आणि माझ्या साताऱ्याच्या जिभेचा सगळा तोरा उतरला.

मग पुढच्या पावसाळ्यात मी रोपं लावली. इथली जमीन लालसर, पाणी न धरणारी. मिरचीला ते बरं पडतं, बुडाशी पाणी साचलं की ती मरतेच. जून-जुलैत वाफ्यात बी, ऑगस्टमध्ये लावणी. पहिल्या वर्षी बोकड्या आला, पानं सगळी चुरगळून वर वळली आणि हाती काही लागलं नाही. दुसऱ्या वर्षी वानरं आली. वानरं मिरची खात नाहीत, पण रोप उपटून, चाखून, तोंड वाकडं करून फेकून देतात आणि लगेच दुसरं उपटतात. माणसाशी किती साम्य! पक्ष्यांचं वेगळं. बुलबुल पिकलेली मिरची सरळ गिळतात. मिरचीतल्या ज्या द्रव्याने आपली आग होते ते पक्ष्यांना जाणवतच नाही. झाडालाही तेच हवं असतं. उंदीर-घुशींनी बी चावून फोडायचं नाही आणि पक्ष्यांनी ते अख्खं दूर नेऊन टाकायचं, असा तो बंदोबस्त आहे. म्हणजे मिरचीचा तिखटपणा मुळात आपल्यासारख्यांनी तिला हात लावू नये म्हणूनच आहे. आपण मात्र तीच आवडीने खातो. असो.

आता कृती. अम्मांकडे वजनकाटा नाही, त्या ओंजळीने मोजतात. मी एकदा त्यांच्या ओंजळी वजन करून लिहून घेतल्या. एक किलो पिकलेल्या मिरचीला पाव किलो मीठ आणि पाव किलो चिंच. मिरची पूर्ण लाल हवी, देठाशीसुद्धा हिरवी नको, पण सुरकुतलेली नको. ती देठासकट धुवायची आणि कापडावर सावलीत पसरायची, पार कोरडी होईपर्यंत. देठ त्यानंतर काढायचे. आधी काढले तर त्या भोकातून पाणी आत जातं. अम्मांचं सगळं पाकशास्त्र दोन शब्दांत आहे, "नीळ्ळु वद्दु." पाणी नको. बरणीला नको, चमच्याला नको, हाताला नको. मग मिरच्यांचे तुकडे करायचे, मीठ आणि बिया काढलेली चिंच त्यात कालवायची आणि बरणीत दाबून भरायचं. तिसऱ्या दिवशी उघडायची. तोवर मिठाने मिरचीचं पाणी काढलेलं असतं आणि चिंच त्यात मऊ झालेली असते. मग मेथीची पूड घालून वाटायचं. अम्मा दगडी रोलूत कांडतात, मी मिक्सर लावते. लागेल तेवढं काढायचं, त्याला मोहरी, हिंग आणि लसणाची फोडणी द्यायची. बाकीचं बरणीत.

मराठवाड्यात रंजका करतात तो याचाच भाऊ. तिथे लाल मिरचीत चिंचेऐवजी लिंबाचा रस असतो. अमेरिकेतल्या लुईझियानात १८६८ पासून टबॅस्को सॉस होतं, तेही याच कुळातलं. मिरची आणि मीठ वाटून लाकडी पिंपात तीन-तीन वर्षं मुरवायचं आणि नंतर व्हिनेगर. तिथे मिरची तोडणाऱ्यांना लाल रंग दिलेली एक छोटी काठी देत असत. मिरचीचा रंग त्या काठीशी जुळला तरच तोडायची. अम्मांना काठी लागत नाही, त्या कुंपणापलीकडूनच ओरडतात, "ती नको, आणखी दोन दिवस."

सगळीकडे युक्ती एकच आहे, मीठ, आंबट आणि वेळ. मिठात घातक जंतू टिकत नाहीत, दह्यातल्यासारखे चांगले जंतू टिकतात आणि ते हळूहळू मिरचीच आंबट करतात. चिंच किंवा लिंबू असेल तर तेवढी वाट पाहावी लागत नाही, आंबटपणा पहिल्या दिवसापासूनच असतो. एवढं मात्र सांगते की हौसेने मीठ कमी करू नका. आणि कच्चा लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर महिनोन्महिने ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, आंबट नसलं तर तिथे जे विष तयार होऊ शकतं त्याला वासही नसतो आणि चवही नसते. अम्मा लसूण फोडणीतच घालतात, तेही ताज्या. त्यांना जंतुशास्त्र ठाऊक नाही, पण त्यांच्या आजीची बरणी कधी बिघडली नाही.

तर हे झालं मिरचीचं. आता कालचं.

काल मी मागच्या पायरीवर पाट घेऊन चिरायला बसले होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई (गाव जवळच आहे, नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही) भांडी घासून निघाल्या होत्या. माझे लाल झालेले हात पाहून थांबल्या आणि हसल्या. "एका किल्लोतच एवढं जी मॅडम?"

मी म्हटलं, "तुम्हाला होत नाही?"

"होते ना जी. पहिले आठ दिवस होते. मंग हातालेच समजते."

ताई दर जानेवारीत मिरची तोडायला तेलंगणात जातात. आमच्या गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतून हजारो माणसं जातात, बहुतेक बाया. धान निघालं की इथे हाताला काम उरत नाही. मोहफूल येतं मार्च-एप्रिलात, तेंदूपत्ता मे महिन्यात. मधल्या दिवसांत पलीकडे, खम्मम आणि वरंगलच्या बाजूला, मिरची लाल होऊन उभी असते. मुकादम गावात येतो, गाडी ठरते, टोळी निघते. सिरोंचाच्या रस्त्याने भरून जाणाऱ्या गाड्या तुम्ही इथे राहात असाल तर पाहिल्या असतील. उभ्याने माणसं, मध्ये तांदळाची पोती, भांडी, पोरं.

हे सगळं मला तेरा वर्षं माहीत होतं. माहीत होतं म्हणजे कसं, तर दर जानेवारीत मी चिडायचे. "नेमक्या आत्ताच चालल्या, पाहुणे यायचेत." तीन महिन्यांसाठी दुसरी बाई शोधायची, तिला सगळं नव्याने दाखवायचं. ताईंच्या जाण्याचा माझ्यापुरता अर्थ एवढाच होता. त्या जिथे जातात ती मिरची आणि माझ्या बरणीतली मिरची एकच आहे, हे डोक्यात कधी जुळलंच नव्हतं. काल माझ्या हाताची आग होत होती आणि समोर त्या उभ्या होत्या, तेव्हा जुळलं. उशिराच.

मग मी एक वेडा हिशेब केला. पाव किलो मिरच्या मोजल्या, त्र्याहत्तर निघाल्या. म्हणजे किलोला तीनशेच्या आसपास. ओली मिरची वाळली की वजनाने साधारण चौथा भाग उरते. म्हणजे एक किलो वाळल्या मिरचीला हजार-बाराशे वेळा कुणीतरी वाकून, देठाला नख लावून, झाड न दुखावता एकेक मिरची तोडलेली असते. आपल्या स्वयंपाकघरातलं शंभर ग्रॅमचं तिखटाचं पाकीट म्हणजे शंभरावर मिरच्या. यंत्राने का नाही तोडत, असं कुणी विचारेल. माझ्या वाफ्यात येऊन बघा. एकाच झाडावर एकाच वेळी फूल असतं, हिरवी मिरची असते आणि लालही असते. आज लाल तोडली की पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा यायचं. एका हंगामात चार-पाच तोडण्या. हिरवीला धक्का न लावता शेजारची लाल काढायची, हे काम अजून तरी बोटांचंच आहे.

आणि आग चिरल्यावरच होते असं नाही. तिखटाचं द्रव्य बियांत नसतं, बिया ज्या पांढऱ्या शिरेला धरून असतात तिथे ते तयार होतं. फुटलेली, किडकी, जास्त पिकलेली मिरची हातात आली की ते बोटांना लागतं, तेच बोट घाम पुसताना कपाळाला लागतं. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून माझं तासभर हात धुणं फुकट गेलं. ताईंनी सांगितलं, "पाणी नोको लावू जी, तेल लावा." त्या संध्याकाळी मोहाच्या बियांचं तेल चोळतात, मग राखेने हात घासतात. मी इंटरनेटवर जे शोधत बसले होते ते त्यांच्या टोळीतल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

इथे माझी पुण्याची मैत्रीण म्हणेल (म्हणालीच, आज सकाळी), "अगं, मग हातमोजे का देत नाहीत त्यांना?" विचारलं मी. मोज्याने मिरची लवकर तुटत नाही, आणि मजुरी किलोवर असली की हळू तोडणं म्हणजे पैसे सोडणं. शिवाय मोजे आणणार कोण? मालक म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो मालक.

आता एक सरळ सांगते, मला ताईंची कीव करायची नाही. त्यांना ती नकोच आहे. "आपल्या मनानं जातो जी," त्या म्हणतात. घरावरचे पत्रे मिरचीचे आहेत. थोरल्या मुलीच्या लग्नातली भांडी मिरचीची आहेत. मजुरीचा काही भाग रोख आणि काही भाग मिरचीत मिळतो. ती पोती त्या घरी आणतात, वर्षभराचं तिखट ठेवून बाकीचं विकतात. तीन महिन्यांत जे हाती येतं ते इथे वर्षभर भांडी घासून येत नाही, आणि भांडी कुणाची घासतात तर माझी. तेव्हा तेलंगणातल्या शेतकऱ्याला नावं ठेवण्याआधी मी माझाच हिशेब बघितलेला बरा. तो शेतकरीही काही सुखात नसतो. २०२१-२२ च्या हंगामात तिकडे फुलकिडे असे पडले की उभी शेतं गेली.

पण मनाने जातात म्हणून कसंही जाऊ द्यायचं का?

२०२० चा एप्रिल आठवा. टाळेबंदी झाली तेव्हा मिरचीच्या शेतांवर आमच्याकडची आणि छत्तीसगडची हजारो माणसं अडकली. बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मुलगी मुलुगू जिल्ह्यातल्या मिरचीच्या शेतावरून टोळीबरोबर चालत निघाली. तीन दिवस जंगलातून चालली आणि घर थोडक्यात राहिलं असताना गेली. पेपरात तिचं नाव आलं, फोटो आला. बारा वर्षांची मुलगी मिरचीच्या शेतात काय करत होती, हा प्रश्न आठवडाभर सगळ्यांनी विचारला, मग सोडून दिला.

जानेवारी २०२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. नावेत बाया होत्या, पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला चालल्या होत्या. सहा जणी बुडाल्या. त्या काही परराज्यात चालल्या नव्हत्या, नदीच्या पलीकडच्या शेतावर चालल्या होत्या. संध्याकाळी घरी येऊन भात लावणार होत्या.

आणि २०२० चंच माझं एक आहे, ते लिहिल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. त्या एप्रिलमध्ये ताई चालत परत आल्या. काही अंतर गाडीने, बरंचसं पायी, आणि गावात आल्यावर चौदा दिवस शाळेच्या खोलीत. सुटल्यावर एका सकाळी फाटकाशी आल्या. आत आल्या नाहीत, मीही या म्हटलं नाही. मी ओसरीवरूनच, तोंडाला पदर लावून बोलले. त्यांनी फाटकाच्या आत एक पिशवी ठेवली, पायलीभर वाळल्या मिरच्या. "यंदाची आणली जी तुमच्यासाठी," म्हणाल्या आणि गेल्या. शंभरांहून जास्त किलोमीटरच्या वाटेवर मजुरीतलं जे काही बरोबर आणता आलं, त्यातलं ते होतं. मी ती पिशवी काठीने सरकवून उन्हात ठेवली आणि तीन दिवस तिला हात लावला नाही. सगळेच तेव्हा तसं करत होते, हे खरं आहे. पण त्या मिरचीचं तिखट मी वर्षभर खाल्लं आणि त्यांना आल्याचे, चालल्याचे दोन शब्द विचारायला मला पुढचा पावसाळा लागला.

म्हणून "घरचं आहे, शुद्ध आहे" हे वाक्य यंदा घशात अडकलं. आपण 'घरचं' म्हणतो तेव्हा त्यात रंग नाही, भेसळ नाही एवढंच म्हणायचं असतं. बाजारच्या तिखटात विटकरीची भुकटी आहे का, हे आपण पाण्यात टाकून तपासतो. त्यात कुणाची शाळा बुडाली आहे का, हे तपासायची सोय नाही, आणि असती तरी आपण तपासलं असतं असं मला माझ्यावरून वाटत नाही.

मला विचाराल तर ऊसतोडीशी ताडून बघा. ऊसतोड कामगारांचे हाल संपलेत असं मी म्हणत नाही, मुळीच नाही. पण त्यांचं नाव तरी आहे. त्यांच्यावर कथा-कादंबऱ्या आहेत, सिनेमे आहेत, त्यांच्या संघटना आहेत, संप होतात, दरावरून बैठका होतात, त्यांच्या नावाने राज्यात महामंडळ आहे. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहं काढली गेली, म्हणजे आईबाप गेले तरी मूल शाळेत राहावं. मिरचीतोडीला गेलेल्यांना एक धड शब्दसुद्धा नाही. कागदोपत्री त्या कुठे असतात? परराज्यात नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली केंद्राचा कायदा झाला. ठेकेदाराने नोंद करायची, जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं असं त्यात होतं. आता तो वेगळा राहिला नाही, नव्या कामगार संहितेत गेला. ताईंच्या मुकादमाला परवा मी दोन्हींबद्दल विचारलं. भला माणूस आहे, त्याच टोळीतून वर आलेला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी जर्मनमध्ये बोलत असावे.

मला फार मोठं काही सुचत नाही. गावातून टोळी निघते तेव्हा कोण, किती, कुठे चालले, एवढं ग्रामपंचायतीच्या वहीत लिहिलेलं असावं. अवघड नाही ते, निवडणुकीला तर आपण घराघरांत जाऊन माणसं मोजतो. जानेवारी ते एप्रिल पोरांना ठेवायला हंगामी वसतिगृह असावं, इथे धानाच्या पट्ट्यात, जिथून माणसं जातात तिथे. नदी ओलांडून जायचं तिथे पूल नाही तोवर नावेत जॅकेट तरी असावीत. आणि मजुरीत मिळालेली मिरची विकायला बाया इथल्या बाजारात बसतात, तेव्हा आपण घासाघीस करू नये. हे शेवटचं तर आजपासून करता येतं. मी स्वतः किलोमागे वीस रुपये पाडून घेतलेले आहेत आणि घरी येऊन त्याची बढाई मारलेली आहे.

घरी मिरची लावावी का, सॉस करावं का? जरूर करावं. ते स्वस्त पडतं म्हणून नव्हे, अजिबात पडत नाही. माझ्या वाफ्याचं शेणखत, कुंपण, पाणी धरलं तर ही बरणी सोन्याची आहे. एक किलो मिरची मोज्यांशिवाय चिरावी म्हणून करावं. फार नाही, एकच किलो. मग दुकानातल्या बाटलीवरची किंमत वाचावी.

ताई उद्या पहाटे निघणार आहेत. यंदा धाकटा आजीपाशी राहणार, शाळा सोडायची नाही असं ठरलंय. मी त्याच्या शाळेत जाऊन सांगून आले आहे, बघू. आज भांडी घासायला आल्या तेव्हा मी कॉफीच्या रिकाम्या बाटलीत थोडी मिरची भरून दिली, मीठ-चिंच लावलेली, न वाटलेली. म्हटलं, "उद्या तिसरा दिवस, तिकडे पोचल्यावर वाटून घ्या."

त्या बाटलीकडे बघत राहिल्या. "तिथं त मिरचीच मिरची हाय जी. वाटाले टाइम कोनाले हाय?"

मग मी ती परत ओतून घेतली, मेथीची पूड घातली आणि एक दिवस आधीच मिक्सरमधून काढली. ताईंनी बोटावर घेऊन चाखली आणि मिठाचा डबा स्वतःच पुढे ओढला.